स्कूटरचं बटण

माझी शोभा झालेली ऐकायचीय? मग आधी चहा संपवा, नाहीतर नाकातून येईल!

वडिलांची जुनी स्कूटर मी अजून चालवतो. मध्यंतरी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "गाडी चालवा, पण किक अजिबात मारायची नाही." आणि आमची स्कूटर तर माणसाला घामाघूम केल्याशिवाय सुरूच व्हायची नाही!

पण भोईवाड्यातली आमची चाळ! शेजारचे महादेवकाका आणि वरच्या मजल्यावरचा सिद्धार्थ रोज सकाळी न बोलावता खाली यायचे आणि आळीपाळीने किका मारायचे. सिद्धार्थचा इस्त्रीचा शर्ट पार भिजायचा. पण एकदाही तोंड वाकडं केलं नाही हो कुणी! मलाच कसंतरी व्हायचं.

शेवटी लालबागला अन्वरभाईंचं गॅरेज गाठलं. ते म्हणाले, "पुराना पॉइंट निकाल के इलेक्ट्रॉनिक इग्निशन डालता हूं. किक का टेन्शन खतम!"

आता यावरून माणसानं काय समजायचं? बटण दाबलं की गाडी सुरू! बरोबर ना?

संध्याकाळी त्यांनी स्वतः गाडी आणून लावली. मी पेढे घेऊन दोघांकडे गेलो. "उद्यापासून सुटलात तुम्ही! आता नुसतं बटण!"

सकाळी आईला डोळे तपासायला शीवच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं. अख्खी चाळ गॅलरीत. मी ऐटीत बसलो, बटण दाबलं. हॉर्न वाजला. दुसरं दाबलं. दिवा लागला. तिसरं? तिसरं नव्हतंच!

"खाली असेल रे," म्हणत सिद्धार्थ मोबाईलचा टॉर्च लावून गाडीखाली वाकला.

"रिमोट असतलो," महादेवकाका म्हणाले.

आई म्हणाली, "टीव्हीचा आणून बघू का?"

मी तणतणत अन्वरभाईंना फोन लावला. तोही स्पीकरवर! "बटण लावायचं विसरलात तुम्ही!"

"कौनसा बटन?"

"इलेक्ट्रॉनिक केलीत ना? मग सुरू कशी करायची?"

"अरे साहब, सिर्फ करंट इलेक्ट्रॉनिक है. लात तो मारनीच पडेगी! लेकिन एकीच!"

गॅलरीत असा हशा पिकला म्हणून सांगू! महादेवकाका पायरीवरच बसले. सिद्धार्थला हसून हसून उठता येईना. उशीर होतोय म्हणून आईनेच पदर खोचला आणि एक किक मारली. भुर्रर्र!

"अगं बाई, एवढंच?"

काका डोळे पुसत म्हणाले, "उद्या पण मीच येतलंय. सवय झाली माका."

खरं सांगतो, एवढं हसूनही परत लात मारायला तयार! अशी माणसं कुठं मिळतात?

हॉस्पिटलात आईच्या डोळ्यांत औषध घातलं. तिला सगळं धूसर दिसत होतं. निघताना ती चाचपडत किक शोधतेय आणि मी सीटवर राजासारखा बसलोय! गेटवरचा वॉचमन ओरडलाच, "ओ साहेब, म्हातारीला किक मारायला लावता? लाज नाही वाटत?"

"वाटते ना, फार वाटते!" म्हणालो आणि हेल्मेटची काच खाली ओढली.