रविवारचं बोनेट

आमच्या टाउनशिपमध्ये उघडं बोनेट दिसलं की पाय आपोआप थांबतात. सगळेच कारखान्यातले इंजिनिअर. कोपऱ्यावरच्या क्वार्टरमध्ये मुलाकडे राहणारे एक रिटायर्ड गृहस्थ दर रविवारी आपल्या जुन्या, लाल स्पोर्ट्स कारचं बोनेट उघडून बसत. नाव कुणी विचारलं नाही, सल्ले मात्र सगळ्यांनी दिले. "एवढं मोठं इंजिन काय कामाचं? छोटं बसवा, रोज चालेल." अवाढव्य टर्बाइनं बनवणारे आम्ही, हात पाठीमागे बांधून हे सांगायचो. ते फडक्याने बोटं पुसत, मान डोलवत आणि आतून चहा मागवत.

एकदा बिट्टन मार्केटमध्ये तीच गाडी दिसली. शेजारच्या सीटवर मेथीच्या जुड्या. त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन एका झटक्यात गुरगुरलं. मी बघतच राहिलो.

ते खुदकन हसले. "भाईसाहेब, कॉलनीत बोलू नका हं. गाडी ठणठणीत आहे हे कळलं, तर रविवारी माझ्याकडे थांबेल कोण?"

रविवारी बोनेट उघडंच होतं. मी हात पाठीमागे बांधले आणि सगळ्यांच्या आधी म्हणालो, "साहेब, आता छोटं इंजिन बसवाच."

त्यांनी गंभीरपणे मान डोलवली. चहा आला तेव्हा माझ्या बशीत एक बिस्कीट जास्त होतं.