वहाणा घालून ये

आमचा साहेब मोठा की आबांचा, हा वाद आम्ही दोन वर्षं कडुलिंबाखाली घातला आणि त्यात सगळ्यांत चढा आवाज माझा असायचा. खरं तर मीच गप्प बसायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्माचा दोष.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. कासारवाडीहून रोज सकाळी पायी लष्कराच्या हद्दीतल्या एका गोल्फच्या मैदानावर जायचो आणि साहेब लोकांच्या काठ्यांची थैली खांद्यावर वाहायचो. पुढं पळत जाऊन चेंडू हुडकायचा, साहेब येईपर्यंत त्याच्याजवळ उभं राहायचं, मागतील ती काठी द्यायची. कमीत कमी फटक्यांत चेंडू गलीत घालेल तो जिंकला. भोकाला आम्ही गोट्यांतलाच शब्द वापरायचो, गल.

माझे साहेब फौजेत मेजर होते. माणूस मराठीच, पण आमच्याशी हिंदीत बोलायचा. वर्षाचा कप त्यांनी ओळीनं चार वेळा नेला होता. असा खेळणारा झाला नाही आणि होणार नाही, हे आम्हा थैलीवाल्यांनी ठरवूनच टाकलं होतं. एकटे आबा मान हलवायचे. आबा भोसरीचे, साठीला आलेले, आमच्यात सगळ्यांत जुने. इंग्रजांच्या काळात त्यांनी एका गोऱ्या कर्नलची थैली वाहिली होती आणि त्यानं दिलेले जाड बूट ते भर उन्हाळ्यातही घालायचे. बाकी आम्ही सगळे अनवाणी. गोरा गेला, पण आबांच्या पायात राहिला, असं मी म्हणायचो आणि सगळे हसायचे.

आम्ही अनवाणी असण्याचं कारण फक्त गरिबी नव्हतं. चेंडू खड्ड्यात अडकला, तर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत तो धरायचा आणि चालता चालता हातभर पुढं सपाट जागी सोडायचा. कमरेत वाकायचं नाही, खाली बघायचं नाही. लांबून कुणाला कळत नसे. ही विद्या बहुतेकांना थोडीफार येत होती, माझी बोटं मात्र हातासारखी चालायची. चारातले दोन कप माझ्या वेळचे. साहेबांना वाटेत थांबून रुमालानं चष्मा पुसायची सवय होती, तेवढा वेळ मला पुरायचा. त्यांना यातलं काही ठाऊक नाही असं मी धरून चाललो होतो, आणि न सांगता आपण त्यांचं भलं करतो याची मला घमेंड होती.

त्या वर्षी माझं सगळंच साहेबांवर अडलं होतं. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना निघाला होता आणि तिथल्या एका बड्या अधिकाऱ्याशी साहेबांची ओळख होती. कप झाला की चिठ्ठी देतो, असं ते म्हणाले होते. मोशीची एक मुलगी मला मनापासून आवडली होती. तिच्या वडिलांनी मला तोंडावर सांगितलं होतं की थैली वाहणाऱ्याला मुलगी देणार नाही, कंपनीत लागलास तर ये.

शेवटच्या सामन्याच्या सकाळी वाद पेटला. साहेबांच्या विरुद्ध एक तरुण कॅप्टन होता आणि त्याची थैली त्या दिवशी आबांकडे होती. मी आबांना डिवचलं, तुमच्या कर्नलचा कप एक, आमच्या साहेबांचा आज पाचवा. आबा बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता ते म्हणाले,

"माझा साहेब म्हणला व्हता, बूट घातल्याबिगर माझ्या थैलीला हात लावायचा न्हाई. का म्हणला, ते तुला ठावं हाय. तुझा साहेब एवढा मोठा हाय ना, मग आज वहाणा घालून ये."

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्या पायांवर आल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तसाच उठलो, चहावाल्याच्या वहाणा मागून आणल्या आणि पायात सरकवल्या.

त्या मला मोठ्या होत होत्या आणि प्रत्येक पावलाला फटफट वाजत होत्या. दोनदा साहेबांचा चेंडू दाट गवतात रुतला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो एका फटक्यात असा बाहेर काढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या बोटांवाचूनही हा माणूस मोठाच होता. हे मला आधी कळलं असतं तर किती बरं झालं असतं.

शेवटच्या गलीपर्यंत दोघं बरोबरीत होते. साहेबांचा चेंडू हुडकत गेलो, तर तो म्हशीच्या खुराच्या खड्ड्यात खोल बसला होता. तिथून एका फटक्यात निघणं कुणाच्याही बापाला जमलं नसतं. मी जागच्या जागी उभा राहिलो. साहेब आले. त्यांनी चेंडू पाहिला, मग माझे पाय पाहिले. आणि पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलले, हळू आवाजात.

"वहाणा काढ."

मग पाठ फिरवून ते चष्मा पुसू लागले.

इतकी वर्षं तो चष्मा का पुसला जात होता, ते मला तेव्हा कळलं. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. वीस पावलांवर आबा उभे होते आणि सरळ माझ्याकडेच बघत होते. त्यांच्या एका शब्दावर सामना तिथंच संपला असता. मला चिठ्ठी दिसत होती, मोशीचं ते घर दिसत होतं. मी वहाणा काढल्या. पहिल्यांदा चेंडू निसटला. दुसऱ्यांदा धरला, हातभर पुढं सोडला आणि वहाणा परत पायात सरकवल्या.

साहेब एका फटक्यानं जिंकले.

कडुलिंबाखाली सगळ्यांनी आबांना घेरलं. पोरगं वहाणा घालून गेलं होतं, आता बोला, म्हणू लागले. मी मागं उभा होतो. आबा बुटाची नाडी सोडत होते.

"व्हय," ते म्हणाले. "ह्याचा साहेब मोठा. मी हारलो."

सगळे पांगल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. त्यांनीच विचारलं, चिठ्ठी मिळाली का. मी खिशातून काढून दाखवली.

"कंपनीत बूट देत्यात म्हणं," ते म्हणाले. "घालत जा."

नोकरी लागली, लग्नही झालं. आबा पुढं कुणीही विचारलं तरी माझाच साहेब मोठा म्हणून सांगायचे. आपल्या कर्नलला त्यांनी माझ्यासाठी कायमचं मागं बसवलं. मी तीस वर्षं बूट घालून कामावर गेलो आणि हा वाद पुन्हा कधी घातला नाही.