वेड्या बाभळीचा बाक

लाकूडशास्त्र शिकायला मी दक्षिणेत गेले, तेव्हा बीडच्या आमच्या गल्लीत कुणालाच त्याचा नीट अर्थ लागला नव्हता. वडील कोर्टात कारकून. कुणी विचारलंच तर ते सांगायचे, "पोरगी लाकडांची डॉक्टर होतेय." शेजारच्या काकू त्यावर म्हणाल्या, "पण आपल्याकडं झाडं कुठंयत?"

काकूंचं चुकलं नव्हतं. सागवान आमच्याकडे बाहेरून यायचं, आंबा-लिंब तोडावा असं कुणाला वाटत नव्हतं, आणि वाटूही नये. पण एक झाड आमच्याकडे मागाल तेवढं होतं. वेडी बाभूळ. ओढ्याच्या काठाला, गायरानात, कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या पोटात ती माजली होती. दुष्काळात सगळं करपलं तरी ही हिरवीगार. तोडली की बुंध्यातून पुन्हा फुटायची. लोक तिचं सरपण करत, कोळसा पाडत आणि वर तिला शिव्या देत.

या शिव्या खाणाऱ्या झाडापासून टिकाऊ फळी करता येईल का, हे पाहायला, शिकून मी जिथं नोकरीला लागले त्या प्रयोगशाळेनं मला दोन वर्षांसाठी माझ्याच जिल्ह्यात पाठवलं. पावसानं तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. मला सुतार हवे होते. गेवराई तालुक्यात उमापूरला सुतारांची एक सहकारी संस्था आहे, असं कळलं. पहिल्या एसटीनं मी तिथं गेले.

संस्था म्हणजे एक पत्र्याचं शेड, एक करवतीचं मशीन, एक रंध्याचं मशीन आणि रंग उडालेली पाटी. लोखंडी औतं आणि ट्रॅक्टर आल्यापासून सुतारांचं काम आटलं होतं. चेअरमन साठी ओलांडलेले मिस्त्री होते. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणू लागले. ते शेडच्या दारात बसून कोयत्याला मूठ बसवत होते.

मी काम सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वेड्या बाभळीची फळी?"

"हो."

"ताई, ते झाड वीतभर सरळ वाढत न्हाई. फळी काडायची कुटून?"

मी पिशवीतून एक तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. तळहाताएवढा, तांबूस, घोटून गुळगुळीत केलेला. मामांनी तो उजेडात फिरवला, वास घेतला, नखानं टोकरून पाहिला.

"हे शिसव हाय."

"शिसव नाही मामा. हीच ती."

मामा तुकडा घेऊन उठले आणि शेजारच्या घरात गेले. आतून त्यांचा आवाज आला, "सूनबाई, हे बघ बरं काय हाय ते." बाहेर आले तेव्हा सूनही मागं होती. पंचविशीची, दहावी शिकलेली. तिचा नवरा हंगामात कारखान्याकडे ऊसतोडीच्या गाड्या दुरुस्त करायला जायचा, आणि ती मामांच्या हाताखाली शेडमध्ये सगळी कामं करायची. फक्त तिला कुणी सुतार म्हणत नव्हतं. तिनं तुकडा घेतला आणि मला विचारलं, "जोडलेला हाय ना ह्यो? हितं बारीक रेघ दिसतिया."

ती रेघ दाखवावी लागली नाही अशी ती पहिलीच. मी तिथंच उमापूरला खोली घ्यायचं ठरवलं.

पद्धत तशी सोपी होती. वाकड्या ओंडक्यांतून लांब फळी निघत नाही, पण दोन बोटं रुंद, हातभर लांब पट्ट्या निघतात. त्या नीट वाळवायच्या, रंधून सरळ करायच्या, विटांसारखे सांधे चुकवत कडेला कड लावून सरसानं चिकटवायच्या आणि शिकंज्यात आवळायच्या. की झाली फळी. कागदावर ते असं चार ओळींत मावतं.

पहिली अडचण वाळवण्याची. दुष्काळातली हवा इतकी कोरडी, की पट्ट्या टोकांकडून तडकायला लागल्या. टोकांना लावायला मी मेण आणलं होतं, ते आठवड्यात संपलं. सूनबाईनं न विचारता शेण कालवलं आणि सगळी टोकं सारवून टाकली. तडे थांबले. मी प्रयोगशाळेला पाठवलेल्या अहवालात ते 'स्थानिक लेप' असं लिहिलं. वरून उलट टपाली विचारणा आली, लेपाची रचना कळवावी. मी कळवली. त्यानंतर काही विचारणा आली नाही.

दुसरी अडचण सावलीची. ती सोसायटीनं सोडवली. पेरणीच झाली नव्हती, त्यामुळे विकास सोसायटीचं खताचं गोदाम रिकामं पडलं होतं. तिथले चेअरमन मामांचे बालपणीचे दोस्त. मामा त्यांना एवढंच म्हणाले, "नुसत्या भिंती राखतोस कावून बे? आमचं लाकूड ठेव की." दुसऱ्या दिवशी किल्ली आमच्याकडे आली.

मग मामांच्या हाती ओल मोजायचं यंत्र पडलं. मुठीएवढं यंत्र, पुढं दोन सुया. सुया लाकडात टोचल्या की आत किती टक्के पाणी आहे ते आकड्यात दिसतं. मला धाकधूक होती, एवढा जुना कारागीर यंत्राला नावं ठेवील. झालं उलटंच. मामांनी ते दोन दिवस माझ्या हातात येऊच दिलं नाही. पट्ट्या मोजून झाल्या, मग शेडची चौकट, मग मारुतीच्या देवळाचं दार. गावात ज्या ज्या दाराला त्यांनी उमेदीत हात लावला होता, ते प्रत्येक दार त्यांनी तपासलं. एका घरातली म्हातारी मला भेटून म्हणाली, "तुमच्या मामानं माजा पाटा-वरवंटा सोडला, बाकी समद्याला सुई टोचली." तिसऱ्या दिवशी त्यांनी भाकरीला टोचलेली मी स्वतः पाहिली.

"मामा, ते लाकडासाठी आहे."

"ठावं हाय. पर आकडा आला ना?" ते म्हणाले, आणि मग ती भाकरी त्यांनी खाल्ली.

तीन महिन्यांनी पहिला बाक तयार झाला. सहा फूट लांब, वर जोडफळी. तांबडे-पिवळे पट्टे असे दिसत होते की कुणी मुद्दाम विणलेत. मी भार-चाचणी जाहीर केली. सोसायटीचे चेअरमन, शाळेचे गुरुजी आणि ग्रामपंचायतीचे शिपाई असे तिघं मानानं बसले. क्षणभर सगळं ठीक होतं. मग फळी मधल्या जोडांतून उभी उकलली आणि तिघंही खाली. कुणाला लागलं नाही. चेअरमन जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाले, "आता मी उटत न्हाई. हितनं पुढं पडायची भीती न्हाई."

सगळे हसले. मीही हसले, पण खोलीवर जाऊन दार लावून बसले. सगळ्या गावासमोर माझं शास्त्र पालथं पडलं होतं. लाकूड वाईट, सरस वाईट, की मीच, काही कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई आली. तिच्या बगलेत नोंदवही होती. कुठली पट्टी कधी कापली, कधी रंधली, कधी चिकटवली, हे लिहायला मी तिला सांगितलं होतं. मी स्वतः ती वही महिनाभर उघडली नव्हती.

"ताई, समदे जोड उकलले न्हाईत. तीनच उकलले," ती म्हणाली. "ह्या तीन जोडाच्या पट्ट्या आपण आदल्या दिवशी रंधल्या आन् दुसऱ्या दिवशी चिकटवल्या. लाइट गेलती त्या दिवशी. बाकीच्या रंधल्या रंधल्या चिकटवल्या, त्या घट हायत."

मी वही ओढून घेतली. ती म्हणत होती ते शब्दाला शब्द खरं होतं. घट्ट लाकडाचा पृष्ठभाग रंधल्यावर फार वेळ उघडा राहिला, तर सरस आत शिरत नाही. त्यात आमच्याकडची धूळ. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि उमापुरात विसरले होते.

"तुला कसं सुचलं?"

"सुचलं न्हाई. वाचलं," ती म्हणाली. "माजंच तर अक्षर हाय."

त्या दिवसापासून नियम झाला. लाइट असेपर्यंत रंधायचं, रंधलेलं तासाच्या आत चिकटवायचं, आणि लाइट जायची चाहूल लागली तर रंध्याला हातच लावायचा नाही. मामांना तो नियम इतका आवडला, की कुणी पाहुणा चहा घेत शेडमध्ये रेंगाळला तर ते म्हणत, "चल उट, पट्टी उगडी हाय."

दुसऱ्या चाचणीला पहिलीपेक्षा तिप्पट माणसं जमली. बाक मोडलेला पाहायला आली होती हे उघड होतं. या वेळी मी तयारीनं होते. भार नेमका कळायला हवा, म्हणून गोदामातला खताच्या पोत्यांचा वजनकाटा बाहेर आणला आणि बसणाऱ्याचं आधी वजन करायचं असं सांगितलं. पुरुष मजेत चढले. बायका मात्र अडून बसल्या. आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, अशी त्यांची अट. शेवटी सूनबाईनं काट्याकडे पाठ करून सगळ्यांना उभं केलं आणि आकडे गुपचूप वहीत लिहिले. गुरुजींनी डोकावायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांना बाजूला उभं केलं गेलं.

फळीच्या मागच्या कडेवरून मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधली. पाच जण बसले. बाक करकरला, जमाव पुढं सरकला. मी वाकून दोरी आणि फळीतली फट मोजली. अगदी थोडी. दोघं आणखी दाटीवाटीनं बसले. मग मामांच्या बहिणीनं कुणाला न विचारता आपल्या नणंदेच्या मांडीवर बैठक मारली आणि म्हणाली, "आता मोज." फट थोडी वाढली. फळी तशीच.

"उठा आता," मी म्हणाले.

कुणी उठेना. एवढा चांगला बाक गावात कुणी पाहिला नव्हता. चहा सांगितल्यावर ते उठले. फळी जागच्या जागी सरळ झाली आणि दोरीला टेकली. मी ती मोजपट्टी हातात धरून किती वेळ उभी राहिले कोण जाणे. परीक्षेत पहिली आले तेव्हाही असं वाटलं नव्हतं. मामा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, डोळे पुसा. पट्टीवर पानी पडलं तर आकडा चुकतो."

संस्थेची सभा त्याच महिन्यात झाली. मामांनी सूनबाईला सभासद करून घ्यायचा विषय मांडला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "बाईमानूस सभासद? आपल्या संस्थेत कधी झालं न्हाई."

"वेडी बाभूळ तरी कधी चिकटलती का?" मामा म्हणाले.

"पोटनियमात काय लिहिलंय?" कुणीतरी विचारलं. पोटनियम काढले. लाकूडकामावर राबणारा गावचा रहिवासी, एवढंच होतं. पुरुष हा शब्दच नव्हता. मग ज्यांनी हरकत घेतली होती तेच म्हणाले, "मग आमी तरी कावून आडवावं?" आणि पहिला हात त्यांनीच वर केला. सूनबाई दाराशी उभी होती. आत येऊन तिनं पुस्तकात सही केली, फुंकर मारून शाई वाळवली, आणि सभा चालू असतानाच शेडकडे निघून गेली, कारण लाइट आली होती.

हंगाम संपवून तिचा नवरा परत आला, तेव्हा बायको सभासद झालेली आणि सभासदत्वासाठी आपण केलेला अर्ज अजून तसाच पडलेला, हे त्याला कळलं. दोन दिवस तो शेडकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी शिकंजा हातात घेऊन तिच्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "किती आवळायचं, दाव." तिनं दाखवलं. त्यानं जास्त आवळलं. तिनं पुन्हा दाखवलं.

बीडमध्ये ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी एक वसतिगृह होतं. तिथून बाकांची मागणी आली, ती आमची पहिली. सगळी संस्था कामाला लागली. शेडला पाटी नवी रंगवली. टेम्पो भरला तेव्हा पुढं ड्रायव्हरशेजारी एकाचीच जागा होती. ती मला देऊ केली, पण मी मागं चढले. मामा, सूनबाई, तिचा नवरा आणि दोन सभासद असे आम्ही टेम्पोत रचलेल्या बाकांवरच बसलो. गेवराईच्या नाक्यावर कुणीतरी विचारलं, "कुटलं वऱ्हाड?" सूनबाईनं खाली वाकून सांगितलं, "उमापूरचं." तो माणूस "बरं" म्हणून रस्ता सोडून उभा राहिला. वाऱ्यानं आमची तोंडं धुळीनं माखली होती. मामा मध्येच बाकावर थाप मारायचे आणि पुढं बघायचे.

वसतिगृहाच्या अंगणात बाक उतरवायला सुरुवात केली. पहिला बाक भिंतीला लावतोय तोच स्वयंपाकाच्या मावशी बाहेर आल्या. पहाटेपासून चुलीपुढं उभ्या होत्या. कुणाला काही न विचारता त्या बाकावर बसल्या, पाय लांब केले, पदरानं तोंड पुसलं.

"मावशी, हा आत न्यायचाय," सूनबाईचा नवरा म्हणाला.

"मग ने की दुसरे," त्या म्हणाल्या. "ह्यो ऱ्हाऊ दे हितं."

आम्ही बाकीचे आत नेले.