आमच्या ह्यांची चकली

यंदाच्या फराळाच्या डब्यात एक चकली अशी आहे, की तिच्या मध्यभागी नुसता गोळा झालाय. ती आमच्या ह्यांनी पाडली. हे गणिताचे प्राध्यापक. गोगलगायीचा शंख, सूर्यफुलातल्या बिया, समुद्रावरचं वादळ, सगळ्यांत एकच वळण कसं येतं, यात ह्यांची उभी हयात गेली. म्हणून मी मोठ्या विश्वासाने ह्यांच्या हातात सोऱ्या दिला. ह्यांनी आधी बाहेरचं मोठं वर्तुळ काढलं आणि मग आत आत शिरत गेले. मधे पोचेपर्यंत जागाच संपली.

"अहो, आधी मधे टेकवायचं, मग बाहेर फिरत यायचं," मी म्हटलं.

हे थबकले. मी म्हटलं, गोगलगाय तरी काय वेगळं करते? वाढेल तसं घर बाहेर वळवत नेते. मला सासूबाईंनी शिकवलं, तिला कुणी शिकवलं नाही, एवढाच फरक.

ह्यांनी पिठाच्या हातानेच संशोधनाची वही उघडली. मी डोकावले. 'सुरुवात मधून,' असं लिहून खाली कंसात माझं नाव होतं. इतक्या वर्षांत त्या वहीत पहिल्यांदाच.

मागे चकल्यांचा घाणा करपत होता. म्हटलं, करपू दे!