भात्याचा हात

माझ्या डाव्या हाताला वळण लावलं ते आमच्या वडिलांनी. दिवसभर ते जालन्याच्या एका कापडदुकानात गुमास्ते आणि संध्याकाळी भजनात पेटीवाले. जांबच्या रामनवमीला पेटी त्यांचीच. मला धड मांडी घालता यायला लागली तशी त्यांनी पेटी माझ्यापुढे सरकवली. तिचा कारभार सोपा. उजवा हात सूर काढतो, डावा भाता हलवतो. भाता थांबला की सूर मेला.

पियानो भेटला मिशनच्या शाळेत. प्रार्थनेच्या हॉलमध्ये तो भिंतीला टेकून उभा असायचा. मुंग्या चढू नयेत म्हणून पाय पाण्याच्या डब्यांत. उन्हाळ्यात त्याच्या निम्म्या पट्ट्या बेसूर व्हायच्या, उरलेल्या पावसाळ्यात. शिकवणाऱ्या बाई जालन्याच्याच, ख्रिस्ती; त्यांना कुण्या गोऱ्या मडमेनं शिकवलेलं. पोलीस ॲक्शन होऊन गेली होती, पण आम्ही अजून हैदराबाद राज्यातच होतो, त्यामुळे पुढं शिकायचं तर हैदराबादला. तिथून परीक्षक येणार होते. त्यांनी पसंत केलं तर मला संगीतशाळेत प्रवेश आणि वसतिगृह. नाही केलं तर आत्यानं वडीगोद्रीचं स्थळ बघून ठेवलं होतं. स्थळात खोट काही नव्हती. पियानो नव्हता, एवढंच.

आणि ऐन वेळी माझा डावा हात उलटला.

"पोरी, हात कुठं गेला तुझा?" बाई विचारायच्या.

"कुठं न्हाई बाई, हितंच हाय."

"तो हवा घालून राह्यलाय. कोणाला? मला तर उकडत न्हाई."

खरंच घालत असायचा. पियानोचा सूर वाजला की विझायला लागतो, हा त्याचा धर्मच. पण माझ्या हाताला ते पाहवत नसे. लांब सूर आला की तो पट्ट्या सोडून उठायचा आणि हवेतच नसलेला भाता हलवायचा. बाईंनी माझी बाही धरून बसून पाहिलं. त्या भानगडीत बाईही हलायला लागल्या. शेवटी त्यांनी वडिलांना बोलावणं धाडलं.

वडिलांनी टोपी काढून पियानोला नमस्कार केला, वाकून खाली पाहिलं आणि पेडल दिसताच खुलले. "ही तर पायपेटी हाय की! नाटकवाल्यांपाशी असती. हवा पायात उतरव पोरी, हात मोकळा होईल."

"अहो, याला हवा लागत न्हाई," बाई म्हणाल्या.

"त्याला नसंल लागत. पोरीला लागती."

उतरवली. महिन्याभरात हात गायीसारखा गरीब झाला. पाय मात्र पेडलवर खालीवर, खालीवर. बाईंनी ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आता परीक्षकाच्या नशिबी असंल ते."

परीक्षक आले, वयस्कर, शेरवानीतले, उर्दू बोलणारे. मी वाजवायला लागले. थोडा वेळ त्यांनी ऐकलं, मग चष्मा सावरत ते पियानोखाली डोकावले.

"बेटी, ये पैर नीचे सिलाई कर रहा है क्या?"

पाय थांबवला. लांब सूर आला आणि हात उठला. त्यांनी पाय पुन्हा चालू करायला लावला. हात निमूट खाली बसला. पाय बंद, हात वर. गृहस्थांना इतकी मौज वाटली की बाईंना जवळ बोलावून त्यांनी तो खेळ पुन्हा करून दाखवला. बाईंनी कौतुकाचा चेहरा केला.

"ऐसा क्यों करती हो?"

"सूर मरतो ना, साहेब."

ते हसायचे थांबले. "तो मरने दो, बेटी. पूरा सुनो उसको." मग काठी उचलून उठले. "दाखिला पक्का. दोनों हाथ ले के आना. पैर जालने में छोड़ देना."

बाहेर लिंबाखाली वडील उभे होते, टोपी हातात पिळत. "काय म्हनले?"

"या म्हणाले. पाय मात्र हितंच ठेवून या."

वडिलांनी विचार केला. "ठेव. आपुन बघू त्याच्याकडं. आत्याला मंग काय सांगायचं?"

आत्याला काय सांगितलं ते मला कळलं नाही. ती बरेच दिवस घरी आली नाही, एवढं खरं.

काही वर्षांनी हैदराबादच्या एका सभागृहात माझं पहिलं जाहीर वादन झालं. वडील दशम्यांचा डबा घेऊन आले आणि थेट पहिल्या रांगेत बसले. संथ चाल होती. लांब सूर आला. डावा हात मांडीवर, उजवा पट्टीवर, पाय जमिनीवर. मला शिकवल्याप्रमाणे मी सूर शेवटपर्यंत विझू दिला. मधल्या शांततेत नजर सहज खाली गेली. वडील डोळे मिटून ताठ बसले होते आणि त्यांचा डावा हात संथपणे, मन लावून हवा घालत होता. शेजारचे सुटातले गृहस्थ खुर्ची जराशी पलीकडे सरकवत होते.