वेदीमागची काच

माझा मामा खिडक्यांना काचा बसवतो. लहानथोर सगळे त्याला काचमामाच म्हणतात. त्या हिवाळ्यात लढाई शहराच्या तोंडाशी आली, दर आठवड्याला खिडक्या फुटायला लागल्या. लोकांनी कंटाळून फळ्या ठोकल्या. आमचा शहाणा मात्र काच कापायची हिरकणी खिशात घालून दारोदार फिरायचा. उद्या परत फुटेल म्हटलं, की आजचं ऊन का घालवता, म्हणून उलट आपल्यालाच झापायचा.

शेवटी त्याच्याकडे एकच मोठी काच उरली. ती पाळकांनी चर्चच्या वेदीमागच्या खिडकीसाठी राखून ठेवलेली. नवीन माल येणं बंद झालं होतं. आणि नेमकी तेव्हाच मी रडकुंडीला येऊन त्याच्या दारात उभी राहिले. मी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. सात बाळं, खिडकीला फळ्या आणि एक मिणमिणता पिवळा दिवा. त्या उजेडात सगळीच बाळं पिवळी दिसतात. कावीळ कुणाला आहे, हे कळणार कसं? एखादं नजरेतून सुटलं तर जिवावर बेतणार.

मामा तडक पाळकांकडे निघाला. बिचाऱ्याने वाटेत भाषणही तयार केलं. पण पाळकांनी पहिल्याच वाक्याला कोट चढवला.

"माणूस देवाची प्रतिमा आहे, असं मी दर रविवारी सांगतो," ते म्हणाले. "त्या सात जणांना अंधारात ठेवून वेदीवर उजेड कशाला पाडू? चला, काचेची दुसरी बाजू मी धरतो."

मामाने उरलेलं भाषण काच नेताना ऐकवलंच.

वॉर्डात मात्र त्याची बडबड थांबली. काच जुनी, वाकडी तडकली की संपलं. त्याने हिरकणी एकदाच ओढली. खट्! सरळ रेषेत दोन तुकडे! चाळिशीला आलेली मी, चक्क टाळ्या पिटल्या.

फळ्या निघाल्या, काच बसली, ऊन आत आलं. मी एकेका बाळाचं दुपटं सोडून छातीवर, पायांवर बोट दाबून पाहत गेले. सहा ठीक होती. सातवी मुलगी पिवळीधमक! कावीळ उतरवणारा, जनरेटरवर चालणारा निळा दिवा आमच्याकडे एकच होता, पण तो कुणाला लावायचा हे आता कळलं होतं. मी डॉक्टरांना बोलवायला धावले.

चौथ्या दिवशी, त्या दिव्यासाठी तिच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी काढून तिला खिडकीशी आणलं. पिवळेपणाचा मागमूस नव्हता. उन्हाने वैतागून ती कपाळाला आठ्या घालत होती. तिची आई हसत होती आणि मला रडू आवरत नव्हतं.