नाव लावायची परवानगी

धरणात गाळ साठतो, तसे आमच्या पाटबंधारे कचेरीत किस्से साठत. फरक एवढाच, की गाळाची मोजणी अधूनमधून होत असे! नव्वदचे दशक संपताना, पदव्युत्तर शिक्षण आटोपून, मी नाशिकजवळच्या या कचेरीत तात्पुरता तांत्रिक सहायक म्हणून रुजू झालो. जलाशयाच्या काठी कपडे धुण्याचा दगड टाकायचा म्हटले तरी आमची परवानगी लागे. पुढचे किस्से ऐकीव नाहीत; त्या प्रत्येक वेळी मी हजर होतो. आणि ते सगळे पलीकडच्या काठावरच्या तात्यांचे आहेत.

तात्या झेंडू पिकवत आणि नावेने अलीकडे आणून नाशिकच्या फूलबाजारात नेत. रस्त्याने जलाशयाला वळसा घालून जावे, तर लिलाव आटोपलेला असे. पण त्यांच्या काठाला गुडघाभर चिखल. मागच्या दसऱ्याला टोपली घेऊन नावेत चढताना त्यांची सून घसरली आणि तिचा हात मोडला. तेव्हापासून तात्यांचे एकच मागणे होते: पुढच्या दसऱ्याच्या आत लहानसा लाकडी धक्का व्हावा, नाव लावण्यापुरता.

*

तात्यांनी अर्जात लिहिले होते, "माझी नाव लावण्यास परवानगी मिळावी." आमचे मुख्य लिपिक भाऊसाहेब शुद्धलेखनाच्या बाबतीत फार काटेकोर. त्यांनी लाल शाईने 'माझी'चे 'माझे' केले आणि अर्ज तहसीलला पाठवला.

तिकडून उत्तर आले: "जलाशयाच्या सातबाऱ्यावर खासगी व्यक्तीचे नाव लावता येणार नाही."

तात्या कपाळाला हात लावून म्हणाले, "आवो भाऊसायेब, माझं नाव नाय लावायचं, माझी नाव लावायची हाय!"

भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "मग आधी 'होडी' लिहायला काय झालं होतं?"

*

दुसऱ्या अर्जात 'होडी' आली. आता आमच्या साहेबांनी, म्हणजे उपअभियंत्यांनी, विचारले, "धक्का कच्चा की पक्का?"

प्रश्न रास्त होता. कच्च्या बांधकामाला साहेब स्वतः मंजुरी देऊ शकत. पक्क्याची फाइल मुंबईला जाई आणि बहुधा तिकडेच राही.

तात्यांना यातले काही ठाऊक नव्हते. ते अभिमानाने म्हणाले, "पक्का! एकदम पक्का! हत्ती हुबा केला तरी हलायचा नाय!"

साहेबांनी पेनाचे टोपण लावून टाकले.

*

उन्हाळ्यात जागेच्या पाहणीला मला पाठवले. पाणी पार खाली उतरले होते. मी प्रामाणिकपणे नोंदवले, "प्रस्तावित जागी पाणी आढळले नाही." भाऊसाहेबांनी पुढे जोडले, "सबब होडीची आवश्यकता सिद्ध होत नाही."

पावसाळ्यात पुन्हा गेलो. पुन्हा प्रामाणिकपणे नोंदवले, "जागा पाण्याखाली असल्याने पाहणी करता आली नाही."

दोन्ही शेरे मी तात्यांना वाचून दाखवले.

"पाणी नाय तवा नाव नको, पाणी हाय तवा जागा नाय. मग काय आभाळात लावू का नाव?"

*

नियमाप्रमाणे लगतच्या धारकाची ना-हरकत हवी होती. तात्यांच्या एका बाजूला त्यांचा सख्खा भाऊ. त्याने लगेच अंगठा दिला. दुसऱ्या बाजूला पाणी. पाण्याचे धारक कोण? आमचीच कचेरी!

भाऊसाहेबांनी कचेरीच्या वतीने कचेरीला पत्र लिहिले, स्वतःच आवक केले आणि ट्रेमध्ये ठेवले. काही दिवसांनी स्मरणपत्रही पाठवले. शेवटी एकदा वैतागून मला म्हणाले, "काय माणसं आहेत हो! साधं उत्तर द्यायची पद्धत नाही!"

*

दसरा तोंडावर आला. तात्यांच्या शेतात झेंडू पिवळाजर्द झाला होता. अखेर साहेब म्हणाले, "चला, मीच बघतो," आणि आम्ही तिघे तात्यांच्या नावेत बसलो.

जलाशय काठोकाठ भरलेला. साहेबांचे बूट नवे होते. चिखलाच्या धास्तीने ते सगळी वाट पायांकडेच बघत होते. नाव लागली. साहेब अलगद उतरले. मागोमाग भाऊसाहेब, मग मी. बुटांना डाग नाही! साहेब खुशीत येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"वा! जागा उत्तम आहे. इथे धक्का व्हायला काहीच हरकत नाही."

तात्यांची सून झेंडूची टोपली घेऊन आमच्या शेजारून ताठ चालत गेली आणि नावेत चढली. तिचे पाऊल कोरडे होते. साहेबांनी तिच्या पायांकडे पाहिले. मग स्वतःच्या. पायांखाली जाड सागवानी फळ्या होत्या.

"तात्या, आपण आत्ता कशावर उभे आहोत?"

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"तुमच्या परवानगीवर, सायेब!"

साहेबांनी बुटाची टाच फळीवर जोरात आपटली. पुन्हा एकदा आपटली. फळी तसूभरही हलली नाही.

"भाऊसाहेब, लिहून घ्या," साहेब म्हणाले, "कच्चा."